कत्तीरायरांचा बिचवा

आमच्या घरमालकांकडे बासष्ट सुऱ्या होत्या आणि त्यांतल्या एकीनंही कधी कांदा चिरला नव्हता. चिराचिरी करायला त्यांच्या थोरल्या बहिणीची विळी होती, आणि तीसुद्धा काम संपलं की भिंतीकडे पातं करून ठेवलेली असे. बासष्ट सुऱ्या बाहेरच्या खोलीत, भिंतीवरच्या लाकडी पट्ट्यांवर ओळीनं. माझी खोली माडीवर आणि जिना त्या खोलीच्या टोकाला, म्हणजे दिवसातून चार वेळा मला त्या बासष्ट जणींमधून जावं लागे. मी जन्माची भित्री. शाळेत कंपासपेटीतल्या कर्कटकालासुद्धा घाबरायची. देवानं नेमकं मलाच तिथे राहायला पाठवावं, याला काय म्हणायचं!

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्याकडची, बँकेत नुकती ऑफिसर झालेली, आणि पहिलीच नेमणूक कुंभकोणम्‌ला. तमिळ म्हटलं तर नुसता आवाज कळायचा. शाखेतले हेड कॅशियर म्हणाले, "मॅडम, तुमची भाषा बोलणारं एक घर आहे, त्यांची माडी रिकामी आहे." मग नोटा मोजत म्हणाले, "माणूस सज्जन आहे. गल्लीत त्यांना कत्तीरायर म्हणतात." रायर म्हणजे तिकडचे मराठी राव, एवढं मला ठाऊक होतं. कत्ती म्हणजे सुरी, हे मागाहून कळलं; तेव्हा मी विचारलं नाही.

दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात नागमोडी पात्याचं काहीतरी होतं. साठीचे, उंच, काटकुळे, कमरेला पांढरी वेष्टी आणि खांद्यावर पंचा. "येवा," ते म्हणाले. "कोठील तुम्ही? सातारा? आमचे थोरले तेथूनच निघाले. वाटेंत कांहीं त्रास जाहला काय?" तीनशे वर्षांपूर्वी निघालेल्या पूर्वजांची आणि माझ्या रेल्वेची चौकशी एकाच दमात. जुनी बखर बोलायला लागल्यासारखं वाटलं. एरवी मी हसले असते, पण डोळे त्या पात्यावरून हलेनात. त्यांनी माडीची किल्ली माझ्या हातात दिली नाही. वाकून जमिनीवर ठेवली आणि म्हणाले, "घ्या." पुढं पाहिलं, तर ते काहीच कुणाच्या हातात देत नसत. पेन, पोस्टकार्ड, कापीचा म्हणजे कॉफीचा पेला, सगळं आधी खाली ठेवायचं, मग दुसऱ्यानं उचलायचं. सुऱ्यांची सवय अंगात मुरलेली, असं मी समजले. बोलताना ते माझ्या कपाळाच्या जरा वर पाहत. मला वाटे, परक्या बाईचा मान राखतात.

त्यांचा व्यवहार सगळा टपालानं. जुन्या सुऱ्या, बिचवे, जांबिये जमवणारी शंभरेक वेडी माणसं देशभर पसरलेली होती, निम्मी महाराष्ट्रात. त्यांच्यातले एकजण दर महिन्याला सायक्लोस्टाइल केलेली चार पानांची पत्रिका काढत. पहिल्या तीन पानांवर कुणाकडे काय विकायला आहे त्याच्या याद्या. चौथ्या पानावर भांडणं. घेणाऱ्याची तक्रार, खाली देणाऱ्याचा जबाब, आणि तडजोड झालीच नाही तर शेवटी काळ्या चौकटीत एक नाव. त्या चौकटीत ज्याचं नाव गेलं त्याच्याशी पुन्हा कुणी व्यवहार करत नसे, पत्रालाही उत्तर देत नसे. "तेथें गेला तो मेला," काका म्हणत. (मी त्यांना काका म्हणायला लागले होते.) बावीस वर्षांत त्यांचं नाव चौथ्या पानावर साध्या तक्रारीतसुद्धा आलं नव्हतं. देवघरात जशी घंटी तसा तो त्यांचा अभिमान, रोज थोडासा वाजायचा.

भांडणं कशावरून होत, ऐकाल तर हसाल. मूठ बदलली. टोक झिजवलं. पातं अकरा बोटं लिहिलं आणि आलं साडेदहा. यावर काकांचा जबाब ठरलेला: "कोण्हाचीं बोटें?" मग त्यांनीच तोड काढली. नारळाच्या झावळीचा हीर घ्यायचा, पात्याच्या लांबीइतका बरोब्बर तोडायचा आणि पत्राबरोबर पाठवून द्यायचा. वस्तू आली की हीर लावून पाहा, वाद संपला. अक्काचा खराटा त्यामुळे दर महिन्याला बारीक होत जाई आणि ती कुरकुरे, "ह्याच्या व्यापारांत माझें अंगण केराचें राहतें." अक्का म्हणजे ती थोरली बहीण. ती सुऱ्यांकडे बघतसुद्धा नसे. त्या खोलीतून जाताना पदर डोळ्यांवर ओढून घेई. मला तिचा फार आधार वाटायचा.

दुसरा नियम नाण्याचा. सुरी कुणाला फुकट द्यायची नाही. विकलेली असो की भेट दिलेली, घेणाऱ्यानं निदान एक नाणं हातावर ठेवायचंच. फुकट दिलेली सुरी दोघांमधलं नातं कापते. अक्का सांगे, मी येण्याच्या काही वर्षं आधी शेजारच्या हायस्कुलातल्या मास्तरांना त्यांनी पानं कातरायची एक बारकी सुरी भेट दिली. मास्तर नव्या विचाराचे. "असल्या खुळ्या समजुती मी मानत नाही," म्हणून हसत निघून गेले. काकांनी पाच मिनिटं दम धरला. मग अनवाणी निघाले ते थेट बसस्टँडवर. मास्तर तिरुभुवनम्‌च्या बसमध्ये चढले होते. काकांनी बस थांबवून धरली, कंडक्टर ओरडतोय, माणसं खिडकीतून बघताहेत, आणि हे खाली हात पसरून उभे, "एक चवन्नी, सार. एकच." मास्तरांनी लाजून नाणं टाकलं तेव्हा बस सुटली. घरी येऊन त्यांनी ते बिस्किटाच्या डब्यात ठेवलं. त्या डब्यात त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक सुरीचं एक नाणं होतं. "आतां आम्ही दोघे मित्र राहूं," ते म्हणाले, आणि खरंच राहिले.

त्यांचा आवाज कधी चढत नसे. मला भीती वाटायची ती त्याचीच. ओरडणारा माणूस कुठवर जाईल त्याचा अंदाज येतो. हे शांत बसून पात्यावर नखानं टिचकी मारायचे आणि कान लावून ऐकायचे. टिंग. वर माझ्या खोलीत ऐकू यायचं. पात्याचं वय, घाट, मूठ मागाहून बसवली की मूळची, सगळं ते टिचकी आणि अंगठा यांवर सांगत. मी मनात मोजायचे. टिंग, टिंग, टिंग. चौथी नाही आली की माडीचं दार लावून घ्यायची.

मला राहून दोनेक महिने झाले असतील, तेव्हा त्यांनी खाली बोलावलं. समोर पत्रांचा ढीग. "माझें शिक्षण तमिळांत जाहलें, अम्मा. तुमचें हें आतांचें बाळबोध मज नीट लागत नाहीं. तुम्ही वाचून सांगाल काय? जबाबही तुम्हीच लिहा." त्याआधी हे काम कुणी ओळखीचा मुनीम करत असे, तो मुलाकडे राहायला गेला होता. मी हो म्हटलं. नाही म्हणायची छाती नव्हती. तेव्हापासून त्यांची सगळी पत्रं माझ्या तोंडून आणि सगळे जबाब माझ्या हातून जाऊ लागले. पुढं जे झालं त्याचं मूळ यातच आहे.

आश्विनात तिकडे आयुधपूजा. आपली खंडेनवमीच, पण तिकडे लोक विळीपासून इस्तरीपर्यंत सगळं धुऊन, गंध लावून पूजेत मांडतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावत नाहीत. आदल्या सकाळी अक्कानं विहिरीपाशी ढीग घातला होता. समया, कातरी, नारळाची खवणी, विळी. त्यांत एका परातीत एक बिचवा. इन्नंबूरच्या एका मराठी घराच्या माळ्यावर सापडलेला, कोल्हापूरकडच्या एका निवृत्त फौजदारानं मी येण्याआधीच्या यादीवरून घेतलेला आणि दसऱ्यानंतर रवाना व्हायचा. "जी जाणार ती पूजेंत बसून जाईल," असं काका म्हणाले होते. पातं काळं मिचकूट. मला वाटलं, शी, असा पाठवायचा?

अक्का म्हणाली, "पोरी, तूं घास गे हें असकें. मज पाठ दुखते." असकें म्हणजे सगळं, पण तिनं भांडीच म्हटली असणार. मी परात पुढं ओढली. आमच्या घरी साताऱ्याला खंडेनवमीला वडील जुनी तलवार आरशासारखी करत. मी चिंच घेतली, राख घेतली, काथ्या घेतला. आयुष्यात पहिल्यांदा असलं हत्यार हातात धरलं. आधी मूठ दोनच बोटांत धरली, मग सगळ्या हातात. काळं पाणी वाहायला लागलं. तासाभरानं पातं असं लखलखायला लागलं की त्यात मला माझं नाक दिसलं. माझी भीती गेली, असं मला त्या क्षणी वाटलं. केवढा आनंद झाला होता! अक्कानं डोळे मिटूनच वर गंध-कुंकू फासलं. पूजेतली वस्तू, म्हणून काकांनीही टिचकी मारली नाही. दसऱ्याला गंधासकट म्यानात सरकवली, तिरुभुवनम्‌च्या विणकराकडून आणलेल्या रेशमाच्या तुकड्यात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी हीर जोडून पाठवून दिली.

आठवड्यानं मी कौतुक करून घ्यायला सांगणारच होते. संध्याकाळी कापी पीत बसलो होतो. मी म्हटलं, "काका, तो बिचवा..." आणि त्यांना त्यावरून काहीतरी आठवलं. फार वर्षांपूर्वी एका घेणाऱ्यानं त्यांची एक सुरी विटकरीनं घासून चकचकीत केली होती आणि मग नको म्हणून परत पाठवली होती. "काळें म्हणिजे लोखंडाचें वय, अम्मा. दोनशें वर्षें लागतात तें यायास. त्यानें एका दुपारीं पुसलें." पेला खाली ठेवून ते शांतपणे म्हणाले, "त्यासीं मी पुन्हा बोललों नाहीं. तो मज मेला."

मी माझाही पेला खाली ठेवला. त्यांनी विचारलं, "बिचव्याचें काय म्हणत होतां?" मी म्हटलं, "पोचला असेल ना, एवढंच." भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो त्या दिवसापासून माझ्या मागं लागला.

फौजदारांचं पत्र आलं. मी ते माडीवर आधी एकटीनं वाचायला हवं होतं, पण काका खालीच बसले होते. त्यांच्यासमोर उघडलं. "यादीत काळे पाते लिहिले होते. आलेले पाते नव्या ताटासारखे पांढरे आहे. एकतर वस्तू बदलली आहे, नाहीतर घासली आहे. खुलासा करावा." मी वाचलं ते असं: "वस्तू बदलली आहे. खुलासा करावा." बाकीचं सगळं गिळलं. मला वाटत होतं, आता हात पुढं करतील, म्हणतील खाली ठेवा, मी पाहतो. पण त्यांनी पत्र मागितलं नाही. त्यांचा चेहरा मात्र उतरला. बावीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. "लिहा," ते म्हणाले. "बिचवा तोच. माझ्या कुळाची आण घेऊन सांगतों. हीर लावून पाहावा." मी लिहिलं. माझ्या सुवाच्य अक्षरात त्यांची शपथ.

दुसरं पत्र जास्त कडक होतं. फौजदार लिहीत होते, पांढऱ्या पात्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढत नाही, यातच काय ते समजले. चौथ्या पानाकडे मजकूर धाडतो आहे. मी पहिलं वाक्य पुन्हा गिळलं आणि चौथ्या पानाचं तेवढं वाचलं. काका भिंतीवरची एकेक सुरी उतरवून टिचक्या मारत बसले. मी माडीवर कान झाकून बसले होते. खाली जाऊन सांगावं असं शंभरदा ठरवलं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेलेही. तिथून त्यांची पाठ दिसायची आणि हातातलं पातं. मी परत वर यायची. ते मला काही करतील असं खरोखर वाटत होतं का? नाही. पण "तो मज मेला" हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं होतं, तो आवाज मला ऐकायचा नव्हता. परक्या गावात माझी भाषा बोलणारं तेवढं एकच घर होतं.

तिसरं पत्र म्हणजे तार. फौजदार स्वतः येत होते, वस्तू घेऊन. मी बँकेत आजारी असल्याचं सांगावं की घरी कामाचं कारण सांगावं, हेच ठरवत राहिले आणि ते आले तो दिवस रविवार निघाला.

माणूस आडवा, मिशाळ, पण दमलेला होता. दोन दिवसांचा प्रवास त्याच्या सदऱ्यावर दिसत होता. काकांचं बोलणं त्याला नीट कळेना, म्हणून मला मध्ये उभं केलं. त्यानं बिचवा पुढं केला. "खालीं ठेवा," काका म्हणाले. त्यानं ठेवला. काकांनी उचलला, तळहातावर तोलला, आणि त्यांचा चेहरा उजळला. "तोच! माझाच!" मग टिचकी मारली. मग अंगठा पात्यावर फिरवला, एकदा, पुन्हा एकदा, आणि अंगठा मध्येच थांबला.

"हें घासलें कोण्हीं?"

"तेच तर मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं," फौजदार म्हणाले. "नव्या ताटासारखं पांढरं आहे म्हणून. दुसऱ्यातही लिहिलं. तुम्ही त्यावर ब्र काढत नाही. आणि अहो, समोर लखलखतंय, दिसत नाही का तुम्हाला?"

काकांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणजे मी नेहमी जिथं उभी राहून पत्रं वाचायची, त्या खांबाकडे पाहिलं. मी तिथं नव्हते. मी केव्हाच दाराशी सरकले होते. ते खांबाकडे तसेच पाहत राहिले आणि माझ्या अंगावर काटा आला. कपाळाच्या वरची नजर, जमिनीवर ठेवलेले पेले, न लागणारं बाळबोध, सगळं मला एकदम कळलं. या माणसाला दिसत नव्हतं. कितीतरी दिवस दिसत नव्हतं, आणि चौथ्या पानाच्या भीतीनं त्यांनी ते सगळ्यांपासून लपवलं होतं. आंधळ्याकडून जुनी वस्तू कोण घेणार? तेही माझ्यासारखेच घाबरलेले होते.

आता बोल, मी स्वतःला म्हणत होते. आता. मी दाराची कडी धरून उभी राहिले.

"मीच घासलों," काका म्हणाले. "मज दिसेना, साहेब. दोन वर्षें जाहलीं. पूजेच्या गडबडींत भांडें समजून घासलों असेन. तुमची पत्रेंही मज नीट समजलीं नाहींत. चूक माझी. तुमचे पैसे घेऊन जावा."

फौजदार क्षणात विरघळले. अहो, आधी सांगायचं, मी कशाला तक्रार करीन, मी ती मागं घेतो, असं म्हणू लागले. काकांनी हात आडवा केला. मग खांबाकडेच तोंड करून मला म्हणाले, "अम्मा, लिहा." मी लिहिलं. माझी दृष्टी गेली आहे, माझ्या हातून एक वस्तू नासली, यापुढं या घरातून व्यवहार होणार नाही. नाव चौकटीत छापावं. त्यांच्या नावाचं प्रत्येक अक्षर मी सुवाच्य काढलं. घाम कागदावर पडत होता. फौजदार गेले, अक्कानं त्यांना जेवूनच सोडलं, आणि पुढल्या महिन्याच्या पत्रिकेत ती चौकट छापून आली. तीही मीच वाचून दाखवली.

त्यानंतर मी त्या घरात सात महिने होते. ते माझ्याशी पूर्वीसारखेच अदबीनं बोलत. जेवलां काय, बँकेंत काम फार काय. पत्रं यायची थांबली होती, त्यामुळं खाली बोलावणं नाही. टिचक्याही थांबल्या. रोज जिन्याकडे जाताना वाटायचं, आज विचारतील. विचारत नसत. ते न विचारणं घेऊन मी रोज बँकेत जायची आणि रोज परत यायची. आधी त्या सुऱ्यांची भीती वाटायची, आता त्यांच्यामध्ये बसलेल्या माणसाची वाटू लागली. त्यांनी एकदा तरी ओरडावं म्हणून मी देवाला विनवलं असेल.

बदली झाली. निघायच्या सकाळी ट्रंक खाली आणली, अक्काच्या पाया पडले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. या वेळी मुद्दाम खांबापाशी. म्हटलं, "काका, तो बिचवा..."

"मज तेव्हांच कळलें," ते म्हणाले. "अक्का कत्तीस हात लावीना. घरांत तिसरें कोण होतें? पत्रें वाचणारेंही तेंच." त्यांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला. "आज सांगाल, उद्यां सांगाल म्हणून वाट पाहिलों. रेल्वेस वेळ होईल, निघा."

मी रडायला लागले. त्यांनी ते ऐकलं असणारच. हात मागं नेऊन पट्टीवरून त्यांनी एक बारकी सुरी काढली, तशीच पानं कातरायची, मास्तरांना दिली होती तसली, आणि वाकून माझ्या पायांपुढं ठेवली. "घ्या. तुमच्यासाठीं."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी घाईघाईनं पर्समधून चवन्नी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवायला गेले. त्यांनी मूठ मिटून घेतली.

"पाहिजेना," ते म्हणाले.

"काका, घ्या ना. एकच."

"पाहिजेना, अम्मा."

आवाज चढला नाही. मी ती चवन्नी जिन्याच्या कोनाड्यात ठेवली, सुरी उचलली आणि रिक्षात बसले. मनाला समजावत होते की नाणं त्या घरात राहिलं, म्हणजे हिशेबानं नियम पाळला गेला. नव्या गावी पोचून तीन आठवडे झाले नसतील, तेवढ्यात बँकेच्या पत्त्यावर एक लिफाफा आला. नवा पत्ता मी अक्काला दिला होता; लिफाफ्यावर तो दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात होता, मागं काकांचं नाव. आत पत्र नव्हतं. रेशमाच्या एका तुकड्यात माझी चवन्नी शिवून परत पाठवली होती.